गैरहजर पालकांची यादी

तांबोळी गुरुजी गेल्याचं मला एस.टी.च्या एका कंडक्टरने सांगितलं. शिरूरच्या स्टँडवर मी तळेगावच्या गाडीची वाट पाहत उभा होतो. दौंडची गाडी लागली आणि तिच्यातून आमच्याच शाळेत शिकलेला, आता दोन लेकरांचा बाप झालेला हा मुलगा खाली उतरला. मला पाहून त्याने खांद्यावरची तिकिटाची पिशवी उगाच सारखी केली. "मास्तर, तांबोळी गुरुजी गेलं. परवाच्या दिशी." मी विचारलं, आपल्या गावचं कोण होतं मयतीला? "कोन न्हाई. रेल्वेतली मान्सं व्हती, शाळंतली पोरं व्हती. त्यांची बायको, भाभी, म्हनली, गावाला सांगू नका, त्यास्नी येळ नसतोय." एवढं बोलून तो चहाच्या टपरीकडे गेला. त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार काय आला हे सांगायला लाज वाटते, पण आज लाज वाटते म्हणून काही गाळायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे. पहिला विचार आला तो असा... सुटलो. आता त्या माणसाच्या डोळ्यांना डोळा द्यायला नको. दुःख नंतर झालं. गाडी शिक्रापूर ओलांडून गेली तेव्हा रडू आलं, आणि शेजारच्या बाईने धूळ गेली असेल म्हणून खिडकी लावून घेतली.

हुसेन तांबोळी हे आमच्या गावच्या मराठी शाळेचे मुख्य शिक्षक. गावाचं नाव मी लिहीत नाही. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजाराच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. तेव्हा जिल्हा परिषदा यायच्या होत्या, शाळा स्कूल बोर्डाच्या होत्या. सात इयत्ता, चार शिक्षक, पत्र्याच्या तीन खोल्या, आणि चौथा वर्ग मारुतीच्या देवळात. त्या देवळात गुरुजी चपला बाहेर काढून शिकवत आणि जाताना घंटा वाजवून जात. "त्याच्या घरात बसतुया आपन, जातो म्हनून सांगाय नगं व्हय?" म्हणत. गावात त्यांची तिसरी पिढी. त्यांच्या वडिलांचं पानाचं दुकान होतं आणि जत्रेत पालखीपुढे हलगी वाजवणारी माणसं आधी त्या दुकानावर थांबून मग पुढे जात. हे सगळं सांगायचं कारण पुढे येईल.

शाळेची एक भिंत बाजाराच्या रस्त्यावर होती. गुरुजींनी त्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून घेतला, कोळसा कुटून त्याचा काळा रंग दिला आणि वर पांढऱ्या अक्षरांत कायमचं लिहून टाकलं : 'शाळेची खबर'. दर बाजाराच्या दिवशी सकाळी ते स्टुलावर उभे राहून आठवड्याच्या बातम्या लिहीत. बैलगाड्या थांबत. ज्यांना वाचता येत नसे ते शाळेतल्या पोरांकडून वाचून घेत, आणि पोरांना त्याची एवढी घमेंड असे की पहिलीतली पोरंसुद्धा पाठ करून वाचल्यासारखं करत. बातम्या कसल्या, तर बोर्डाकडून आलेलं परिपत्रक, परीक्षेची तारीख, आणि मग गुरुजींच्या खास. 'शाळेच्या छपरासाठी नवे पत्रे मंजूर झाल्याचे कळते. मागच्या पावसाळ्यातही असेच कळले होते.' 'दिपोटीसाहेब तपासणीस येणार आहेत. मुलांना आंघोळ घालून पाठवावे. साहेब आले नाहीत तरी घालावी.' एकदा लिहिलं, 'तिसरीतील गणपत यास विंचू चावला. गणपत बरा आहे. विंचवाचे कळले नाही.' बाजाराला निघालेली माणसं हसत पुढे जात, आणि हसता हसता त्यांना शाळेत काय चाललंय ते कळून जाई.

पण फळ्याच्या उजव्या बाजूला एक चौकट असे. तिचा मथळा होता 'गैरहजर पालक'. मी नवा नवा रुजू झालो होतो. मला वाटलं लिहिताना चुकलं असेल, म्हणून मी गुरुजींना म्हणालो, गैरहजर तर मुलं असतात. ते म्हणाले, "देशमाने मास्तर, सात वर्साचं पोरगं सोताहून घरी ऱ्हातंय व्हय? ज्यानं त्याला ठिवलं त्यो गैरहजर." म्हणून मुलाचं नाव ते लिहीतच नसत. बापाचं, आजाचं, कधी मामाचं लिहीत. पुढे कारण. 'खुरपणीस नेली.' 'म्हशीमागे धाडला.' 'कारण विचारता राग आला.' पोर शाळेत आलं की नाव पुसलं जाई. आपलं नाव बाजाराच्या वाटेवर झळकतंय हे कुणाला खपणार? सोमवारी नाव लागलं की बुधवारी पोर हजर. तालुक्यात आमच्या शाळेची हजेरी पाहून दिपोटी चकित व्हायचे. शेजारच्या शाळांनी तसा फळा करून पाहिला, पण तिथल्या मास्तरांनी फक्त गरिबांची नावं लिहिली, आणि ते लोकांना लगेच कळलं.

गुरुजींनी सगळ्यांची लिहिली. तिथेच माशी शिंकली.

आबा हे आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. नदीकाठची जमीन, ऊस, सोसायटीत त्यांचाच शब्द. माणूस तोंडाने गोड. त्यांच्या वाटेकऱ्याची मुलगी हौसा सातवीत होती. सातवीत मुली म्हणजे ती एकटीच. ती फायनलला बसली असती तर आमच्या गावातून परीक्षेला बसणारी पहिली मुलगी ठरली असती, आणि पास झाली असती तर पुढे ट्रेनिंग करून मास्तरीण झाली असती. हे गुरुजींनी तिच्या बापाला इतक्यांदा सांगितलं होतं की तो बिचारा पोरीला आतापासूनच 'बाई' म्हणायला लागला होता. ती हुशार होती का? मध्यम होती. पण वाचायची मात्र अधाशासारखी. सामान बांधून आलेला कागदाचा तुकडाही टाकायची नाही. परीक्षेला तीन महिने उरले असताना ती यायची बंद झाली. आबांच्या सुनेला बाळ झालं होतं आणि थोरल्या नातवाला काखेला घेऊन फिरायला कुणीतरी हवं होतं. आबांनी वाटेकऱ्याला सांगितलं, वाटेकऱ्याने पोरीला सांगितलं, संपलं. गुरुजी आबांकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा चहा मिळाला.

तिसऱ्या बाजाराला चौकटीत एकच नाव होतं. 'आबासाहेब. इयत्ता सातवीतील मुलगी नातू सांभाळण्यास ठेवली.' मी म्हणालो, गुरुजी, बापाचं नाव लिहा, आबांचं कशाला? ते स्टुलावरूनच म्हणाले, "बाप हजर हाय वो. बापाला कोन इचारतंय?" त्या दिवशी तळेगावच्या बाजारात दुसरा विषय नव्हता. मेथी विकणाऱ्या बायकासुद्धा एकमेकींना विचारत होत्या, आबा शाळेत जात न्हाईत म्हनं?

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा तेल लावून, वेणी घालून वर्गात हजर. गुरुजींनी नाव पुसलं. आबा रस्त्यात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "गुरुजी, तुमी लई कडक." आम्हाला वाटलं, चला, मिटलं. आम्हाला म्हणजे गुरुजींना. मला नव्हतं वाटलं. मी त्या माणसाला हसताना पाहिलं होतं.

आता सूचनावहीबद्दल सांगायला हवं. वरून आलेलं प्रत्येक परिपत्रक मुख्य शिक्षक एका वहीत उतरवतात, ती वही वर्गावर्गातून फिरते आणि शिक्षक वाचून खाली सही करतात. वाचून म्हणजे कसं, तर डाव्या हाताने वही धरायची, उजव्या हाताने सही, तोंडाने पाढे चालूच. साऱ्या जिल्ह्यात हीच रीत होती, आणि अजून असेल. एके दिवशी गुरुजी केंद्रशाळेत बैठकीला गेले असताना सोसायटीचा कारकून सूचनावही घेऊन वर्गावर आला. वहीत एक अर्ज घडी करून ठेवला होता. माझ्या आधी दोघा शिक्षकांनी पाढे म्हणत म्हणत सह्या केल्या होत्या. तिसरी सही माझी. पुढे कधी विषय निघालाच तर मी म्हणत आलो की वहीत होता, न वाचता सही झाली. माझ्या बायकोलाही मी हेच सांगितलं.

मी तो अर्ज वाचला होता. दोनदा वाचला. त्यात लिहिलं होतं की सदर शिक्षक प्रतिष्ठित ग्रामस्थांची नावं चव्हाट्यावर लिहून गावात दुही माजवतात, आणि परधर्माचे असून आमच्या मुलींची नावं भिंतीवर लिहितात, हे गावाला मान्य नाही. मुलींची नावं ते फळ्यावर कधीच लिहीत नव्हते, हे मला ठाऊक होतं. तीन पिढ्यांत त्या माणसाचा धर्म गावाला आठवला नव्हता आणि त्या दिवशी एका कारकुनाच्या अक्षरात तो आठवला, हेही मला कळत होतं. कारकून म्हणाला, "मास्तर, गुरुजींच्या माघारी तुमीच की वो हेडमास्तर." मी सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला. दौंड तालुका, ताबडतोब हजर व्हावे. भर वर्षात, परीक्षा तोंडावर असताना. गावाने काय केलं? काही नाही. नारळ दिला. गुरुजींनी जायच्या आधी स्टुलावर चढून शेवटची खबर लिहिली. 'तांबोळी गुरुजींची बदली झाली. त्यांच्या जागी देशमाने मास्तर काम पाहतील. त्यांचे अक्षर चांगले आहे. सातवीची परीक्षा शिरूर येथे. मुलगे चार, मुलगी एक.' मग खाली उतरून खडू माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मास्तर, बाकी कायबी करा. पर पोरीला शिरूरला घिऊन जावा. फारम भरलंय म्या. निस्तं गाडीत बशिवायचं काम हाय तुमचं." मी हो म्हणालो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बैलगाडी शाळेपुढे उभी होती. हमरस्त्यापर्यंत गाडीने आणि पुढे एस.टी.ने जायचं होतं. चार मुलगे शिदोऱ्या घेऊन बसले होते. हौसाचा पत्ता नव्हता. आबांचा गडी येऊन सांगून गेला, नातवाला ताप आलाय, पोरगी येत न्हाई. आबांचा वाडा शाळेपासून किती लांब? एक बिडी संपायच्या आत पोचावं इतका जवळ. जाऊन नुसतं म्हणायचं होतं, आबा, चार दिवस पोरगी सोडा. मी गेलो नाही. एस.टी. चुकेल असं मीच मला सांगितलं. गाडी आबांच्या दारावरूनच गेली. हौसा ओट्यावर उभी होती, काखेला पोर, अंगावर धुतलेलं परकर-पोलकं, डोक्याला तेल. तयार होऊन उभी होती ती. पोर तिच्या केसांशी खेळत होतं, ताप बीप काही नव्हता. मी खाली बैलांच्या पायांकडे पाहत राहिलो, आणि मुलांना म्हणालो, त्रैराशिकाची गणितं पुन्हा एकदा म्हणा.

गुरुजींचं कार्ड आलं. 'हौसाचे पेपर कसे गेले?' मी उलट टपाली लिहिलं, मुलगी आयत्या वेळी आजारी पडली. त्यानंतर त्यांचं कार्ड आलं नाही. हौसाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. पत्रिका नव्हतीच, शिपायाने सांगावा आणला. मी हेडमास्तर झालो. 'शाळेची खबर' ही अक्षरं मी रंगाने बुजवली आणि फळ्यावर सुविचार लिहू लागलो. सुविचाराने कुणाच्या पोटात दुखत नाही. बाजाराला जाणाऱ्या गाड्या थांबायच्या बंद झाल्या आणि हजेरी पहिल्यासारखी झाली, म्हणजे गुरुजींच्या आधी होती तशी. जिल्हा परिषद आली, आबा मोठे झाले, मला आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. ती आबांच्याच हातून.

गुरुजींना मी पुन्हा एकदाच भेटलो. दौंडला शिक्षकांचं शिबिर होतं. माझ्याबरोबरचे सगळे जाणार म्हणून मलाही त्यांच्या घरी जावं लागलं. रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या चाळीत त्यांची खोली होती. इंजिन सरकलं की फळीवरची भांडी वाजायची, आणि कशावरही हात ठेवला तरी कोळशाची कच लागायची. गुरुजी वाळले होते. मला पाहून मनापासून उठले, "या या हेडमास्तर!" म्हणाले. भाभींनी चहा दिला, माझ्याकडे पाहिलं नाही. शाळा कशी आहे, पत्रे आले का, मारुतीच्या देवळात अजून वर्ग भरतो का, असं सगळं गुरुजींनी विचारलं. हौसाचं विचारलं नाही. निघताना दारात बाकीचे पुढे गेले तेव्हा मी कसाबसा म्हणालो, गुरुजी, तो अर्ज... सूचनावहीत होता... गुरुजी लगेच म्हणाले, "जाऊ द्या वो. वहीवरची सही, वाचतंय कोन?" आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मला एवढं हलकं वाटलं की सांगता सोय नाही. शिबिरात त्या रात्री मी पोटभर जेवलो. परतीच्या एस.टी.त, चौफुल्याच्या पुढे कुठेतरी, मला एकदम आठवलं. दरवर्षी दिपोटीला द्यायच्या अहवालात गुरुजी प्रत्येक शिक्षकाबद्दल एक ओळ लिहीत. माझ्या नावापुढे वर्षानुवर्षं एकच ओळ होती : 'हे सूचना वाचून सही करतात.' मला जी सबब त्यांनी दिली ती खोटी आहे हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. ती त्यांनी भाकरतुकडा द्यावा तशी माझ्या पदरात टाकली, आणि मी ती खाल्ली. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्यांचं देणं लागलो नसतो. हा राग माझा त्यांच्यावर आहे, आज ते गेल्यावरही आहे. कुणाला इतकं स्वस्तात सोडू नये.

गुरुजी गेल्याचं कळल्यावर गावाला अचानक त्यांचं प्रेम आलं. शोकसभा घ्यायचं ठरलं, शाळेच्या पटांगणात, अध्यक्ष आबा. मी यंदाच सेवेतून मोकळा झालो आहे, पण चांगल्या अक्षराचं काम अजून माझ्याकडेच येतं. सोसायटीतून मजकूर आला. सोसायटीत आता माझा मुलगाच चिटणीस आहे, त्यानेच तो आणून दिला. बाजाराच्या दिवशी सकाळी मी त्या फळ्यापुढे उभा राहिलो आणि दिला तसा उतरवला. 'गावातील मुलींच्या शिक्षणाचे अग्रदूत दिवंगत तांबोळी गुरुजी यांना श्रद्धांजली. अध्यक्ष : माननीय आबासाहेब.' आबांचं नाव रंगीत खडूने, मोठं, असं खाली लिहून दिलं होतं. तसंच काढलं.

मागे कुणीतरी मोठ्याने वाचत होतं, एकेक शब्द सुटा करून. वळून पाहिलं तर डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली बाई. हौसा. शेजारच्या गावात दिलेली, बाजाराला निघालेली. अंगाने भरली होती, पुढचा एक दात पडला होता. सगळं वाचून झाल्यावर तिने पाटी उतरवून भिंतीशी ठेवली. आजूबाजूला दहापाच माणसं होती, पण वाचायला थांबली ती एकटीच.

"मास्तर, अग्रदूत म्हंजी काय वो?"

"पुढे चालणारा."

"आन् मागनं कोन गेलं?"

ती फळ्याकडेच पाहत होती. मग म्हणाली, "गुरुजी गावातनं कशापायी गेलं, ती खबर न्हाई लिवली तुमी."

मी म्हणालो, "फळ्यावर जागा नाही राहिली, हौसा."

"आबांचं नाव पुसा की. लई जागा निघंल."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजी निवडताना सांगावं तसं सांगितलं. फडकं माझ्या डाव्या हातात होतं, खडू उजव्या हातात. हौसा उभी होती, आणि मला काय वाटलं कोण जाणे, पण मी ते फडकं उचललं. फळ्यापर्यंत नेलं. मग पाठीमागून माझ्या मुलाने हाक मारली, "आण्णा, झालं का? आबा इचारतायत." मी फडक्याने हात पुसले.

हौसाने पाटी उचलून डोक्यावर घेतली. "येते मास्तर," म्हणाली, आणि बाजाराच्या वाटेने निघून गेली.

सभा चांगली झाली. आबा पाऊण तास बोलले. गुरुजींनी गावातली एकही मुलगी घरी बसू दिली नाही, असं म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या काही बायकांनी डोळ्यांना पदर लावला. दौंडहून भाभी आल्या नाहीत. कार्यक्रमात शेवटी आभारप्रदर्शन होतं, आणि ते माझ्याकडे होतं. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि सर्वांत आधी अध्यक्षांचे आभार मानले.